अजून बोलत नसलेल्या मुलांशी बोलताना

पायवाट (धागाकर्ती)

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. चौथं वर्ष संपेपर्यंत त्याच्या तोंडून एकही शब्द आला नव्हता. आता सात-आठ येतात, स्पष्ट नाहीत, पण घरातल्यांना कळतात. या काळात रात्री जागून मी असे कितीतरी धागे वाचले. सगळीकडे प्रश्न एकच, मूल कधी बोलेल. उत्तरंही ठरलेली: मुलगे उशिराच बोलतात, आमच्याकडचा एक तर चौथ्या वर्षी थेट वाक्यंच बोलायला लागला, उगाच टेन्शन घेऊ नका. पण तोवर त्याच्याशी आज, आत्ता कसं बोलायचं हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून हा धागा. मी तज्ज्ञ नाही, आई आहे. कुणी जाणकार असतील तर माझं चुकलेलं जरूर दुरुस्त करा.

तो सव्वादोन वर्षांचा असतानाची गोष्ट. बाहेर जायचं असलं की तो मला शोधत यायचा, माझं मनगट धरून दारापर्यंत ओढत न्यायचा आणि माझा पंजा उचलून कडीवर ठेवायचा. मला सगळ्यांनी सांगितलं होतं, मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही, म्हणजे आपोआप बोलेल. म्हणून मी हात तसाच ठेवून म्हणायचे, "उघड म्हण. म्हण बघू, उ-घ-ड." तो कडीकडे बघायचा, माझा हात वरून दाबायचा, मग रडायचा, मग फरशीवर आडवा. हे आम्ही चार महिने केलं. दिवसातून दोन-तीनदा.

थेरपिस्टताईंनी एकदा हे समोर बसून पाहिलं आणि विचारलं, "त्याने आत्ता काय काय सांगितलं?" मी म्हटलं, काहीच नाही, रडला फक्त. त्यांनी बोटं मोजली. तो तुम्हाला शोधत आला, म्हणजे मदत कुणाकडे मिळते ते त्याला ठाऊक आहे. नेमक्या जागी नेलं. काय करायचं ते तुमच्याच हाताने दाखवलं. उघडलं नाही तेव्हा दाबून पुन्हा आग्रह केला. "एवढं सगळं सांगून झालं त्याचं, आणि उत्तर एकाचंही मिळालं नाही."

त्या दिवशी मला फार रडू आलं.

त्यानंतर आम्ही एवढंच बदललं. कडीवर हात ठेवला की त्याच्या वतीने मी म्हणायचं "उघड!" आणि लगेच उघडायचं. "बाळा, तुला बाहेर जायचंय का, मी दार उघडू का" असं लांबण लावायचं नाही. त्याला बोलता आलं असतं तर तो जो शब्द म्हणाला असता, तेवढाच. दोनेक आठवड्यांनी मध्ये थोडं थांबायला लागले. हात कडीवर, चेहऱ्यावर 'आता?' असा भाव, आणि मनात दहा आकडे. दहा झाले की तो काही करो न करो, दार उघडायचंच. दहा आकडे किती लांब असतात ते करून बघा, माझा हात तिसऱ्या-चौथ्यालाच हलायला लागायचा. एके संध्याकाळी सहाव्या-सातव्या आकड्याला त्याने कडीवरची नजर उचलून माझ्याकडे पाहिलं, परत कडीकडे, परत माझ्याकडे. आवाज नाही, काही नाही. पण तोवर तो माझ्या हाताशी बोलत होता. त्या दिवशी माझ्याशी बोलला.

तुमचे अनुभव लिहा. शब्द यायच्या आधीचे तर आवर्जून लिहा.

---

निळीशाई

पायवाट, वाचताना आवंढा आला. माझी लेक २७ महिन्यांची आहे. शब्द शून्य. बोटही दाखवत नाही. घरात सगळे म्हणतात तिला सगळं कळतं, फक्त बोलायचा कंटाळा आहे. डॉक्टर म्हणाले तीन वर्षांपर्यंत वाट बघा. मोबाईल पूर्ण बंद करून दोन महिने झाले, फरक नाही. मी दिवसभर तिच्यापुढे वस्तू धरून "हे काय? हे काय?" विचारत असते. ती उठून निघून जाते. माझं नक्की कुठे चुकतंय?

---

दूरचा_दिवा

निळीशाई, बाकी सगळं नंतर, आधी कान तपासून घ्या. हात जोडून सांगतो.

आमच्या मुलीला ऐकू येतं याबद्दल आम्हाला कणभरही शंका नव्हती. दार आपटलं की दचकायची, गाडीचा हॉर्न वाजला की खिडकीकडे पळायची, हाक मारली की बऱ्याचदा वळायची. आम्ही घरीच परीक्षा घेतली होती, मागे उभं राहून ताट वाजवून. उत्तीर्ण! जन्मल्यावर झालेल्या तपासणीतही सगळं ठीक होतं. तीन वर्षांची झाली तेव्हा कुणीतरी बेरा करून घ्या म्हणालं. डोक्याला आणि कानामागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टिकटिक आवाज सोडतात आणि कानापासून मेंदूकडे संदेश नीट पोचतो का ते यंत्रावर बघतात. मूल झोपलेलं असतं, त्याने उत्तर द्यायची गरज नसते.

निघालं असं की खालच्या पट्टीतले आवाज तिला व्यवस्थित येत होते आणि वरच्या पट्टीतले जवळजवळ नाहीत. म्हणजे दार, हॉर्न, माझा आवाज हे सगळं पोचत होतं. पण स, श, फ, त यांसारख्या बारीक आवाजांचा पत्ता नाही. ऑडिओलॉजिस्टने आम्हाला तिला ऐकू येतं तसं बोलणं यंत्रावर ऐकवलं. भिंतीपलीकडे माणसं बोलत असावीत तसं वाटतं, कुणीतरी बोलतंय हे कळतं पण काय ते नाही. तीन वर्षं ती अशी आमच्यात वावरत होती, आणि आम्ही तिला हट्टी म्हणत होतो.

जन्माच्या वेळची तपासणी पास झाली तरी ऐकणं पुढे कमी होऊ शकतं. कानाच्या पडद्यामागे पाणी साठूनही काही महिने कमी ऐकू येतं, ते तर सर्दीबरोबर येतं-जातं. त्यामुळे "तेव्हा केली होती" यावर विसंबू नका.

---

स्वरवेल

मी स्पीच थेरपिस्ट आहे, बराच काळ लहान मुलांसोबतच काम करतेय. दूरचा_दिवा यांच्या प्रतिसादातलं अक्षर न् अक्षर बरोबर आहे. बोलणं उशिरा असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी सगळ्यात आधी.

निळीशाई, तीन वर्षांपर्यंत थांबू नका. दोन वर्षांच्या मुलाकडे ५० शब्द नाहीत किंवा दोन शब्द जोडले जात नाहीत, तर आमच्याकडे दाखवून घ्यावं असा साधारण संकेत आहे. अशी बरीच मुलं पुढे स्वतःहून भरून काढतात हेही खरं. पण यातलं कुठलं मूल भरून काढेल हे दुसऱ्या वर्षी कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. आणि तुम्ही लिहिलेल्या गोष्टींत मला शब्दांपेक्षा बोटाची काळजी जास्त वाटते.

बोट दाखवणं दोन प्रकारचं असतं. एक 'ते मला दे'चं. दुसरं 'ते बघ!'चं. आकाशात विमान दिसलं, मूल बोट करतं आणि आपल्याकडे वळून बघतं, आपण पाहिलं का याची खात्री करायला. त्याला विमान हवं नसतं, त्याला ते तुमच्यासोबत बघायचं असतं. हे दुसरं बोट साधारण पहिल्या वाढदिवसाच्या आसपास दिसू लागतं आणि भाषेची मुळं त्यात असतात. २००५ मध्ये आयव्हरसन आणि गोल्डिन-मेडो या दोघींनी दाखवलं की मुलं आधी एखाद्या वस्तूकडे खुणेने निर्देश करतात आणि मग तिचं नाव त्यांच्या शब्दांत येतं. एक शब्द आणि एक खूण जोडणाऱ्या मुलांकडे पुढे दोन शब्दांची जोडणी येते. म्हणजे वाक्याची सुरुवात हातात होते.

२७ महिन्यांना हे बोट नसेल तर एम-चॅट नावाची, स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता चाचपणारी २० प्रश्नांची यादी भरून घ्यायला सांगा. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे पण थोडाच. त्यातून निदान होत नाही, पुढे तपासायला हवं का एवढंच कळतं.

"सगळं कळतं" याचीही एकदा खातरजमा करा. बाहेर निघताना, दारात उभं राहून, बुटांकडे बघत "बूट आण" म्हटलं तर मूल शब्द न कळताही आणेल. तेच भलत्या वेळी, भलत्या खोलीत, हात मागे बांधून, नजर तिच्यावरच ठेवून म्हणा. आणले तर शब्द कळला. यात तिला नापास करायचं नाहीये, आपण तिच्याशी किती सोपं बोलायला हवं ते शोधायचंय.

आणि आता "हे काय?"बद्दल. उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारणं ही परीक्षा असते आणि ती निघून जाते ते शहाणपणाचंच करते. तिच्यासमोर जमिनीवर बसा, तुमचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या पातळीला हवा. ती काय बघतेय ते बघा. ती चाक फिरवत असेल तर तुम्ही दुसरं चाक फिरवा. तिने थांबवलं की तुम्ही थांबा. तिने "म्म" केलं तर तुम्हीही "म्म". ही नक्कल अनेकांना पोरखेळ वाटते. पण बहुतेक वेळा काही मिनिटांत मूल मान वर करून बघतं, की माझ्यासारखं हे कोण करतंय? ती नजर आली की एक शब्द द्या, "फिरतंय!" आणि गप्प बसा. शब्दांचा मारा नको.

मोबाईल बंद केलात ते उत्तमच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांतही पहिली दोन वर्षं पडदा नको आणि पुढे दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको असंच आहे. पण त्या रिकाम्या वेळात तिला माणूस मिळाला तरच फरक पडतो.

---

जुना_खांब

मी आजोबा या नात्याने लिहितो. माझ्या तीन वर्षांच्या नातवाला चित्रांचा तक्ता दिला आहे. त्याला काही हवं असलं की तो चित्रावर बोट ठेवतो आणि सून ते देते. मला हे पटत नाही. आयतं मिळतंय तर जीभ हलवायचे कष्ट तो कशाला घेईल? दुखवायचा हेतू नाही, त्याच्या काळजीनेच विचारतो.

---

पायवाट

काका, ही भीती मलाही होती. तक्ता कपाटात ठेवून मी दोन महिने वाया घालवले आहेत, म्हणून लिहिते.

तुम्ही बघा, बोलणं हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. अंधारात चालतो, पाठमोरं असताना चालतो, दोन्ही हात भरलेले असताना चालतो. ज्या मुलाला तो जमतो ते मूल चित्र शोधत बसत नाही. माझा मुलगा आज ज्या सात-आठ गोष्टी बोलतो त्यांच्यासाठी तो तक्त्याकडे जातच नाही. कुणी शिकवलं नाही त्याला तसं. आणि ते सगळे शब्द आधी तक्त्यावर होते. बोट ठेवता ठेवता ओठ हलायला लागले, मग आवाज आला.

---

स्वरवेल

पायवाट यांच्या म्हणण्याला आधार आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये याच प्रश्नावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. खुणा, चित्रं, बोलणारी यंत्रं दिल्यावर बोलणं वाढतं की कमी होतं? ज्या २७ जणांची माहिती सगळ्यात भरवशाची होती त्यांतल्या ८९ टक्क्यांचं बोलणं वाढलं, बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं. कमी झालं असं एकही उदाहरण नाही. वाढ अनेकांत थोडीच होती, तेही सांगायला हवं. तक्ता दिला की मूल बोलू लागेल असं वचन मी कधीच देत नाही. पण तो दिल्याने बोलणं अडतं हे खरं नाही.

काका, कष्टांचा मुद्दा उरतो. काही मुलांना शब्द डोक्यात असतो, पण जीभ, ओठ, टाळू यांना कुठल्या क्रमाने हलायचं हा निरोपच नीट पोचत नाही. त्यांना "म्हण, म्हण" केलं की तोंड अजून घट्ट होतं. नातवाला आळस नाही हो.

एक मात्र तुमच्या निरीक्षणात अचूक आहे. तक्ता फक्त 'हवं' म्हणायला वापरला जात असेल तर ते अपुरं आहे. मूल बोट ठेवणार, सून देणार, संपलं. आपण दिवसभरात फक्त मागण्या करतो का? त्याच्या तक्त्यावर काय काय आहे ते बघून कळवाल?

---

दोन_ओळी

अवांतर आहे, पण विचारते. घरात दोन भाषा बोलतो. त्यामुळे गोंधळ होऊन उशीर होतोय, एक बंद करा असं सांगितलंय. करावी का?

---

स्वरवेल

नको. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही. जी भाषा तुमच्या तोंडात सहज येते, जिच्यात तुम्ही रागावता आणि लाडही करता, तिच्यात बोला. शब्द मोजताना मात्र दोन्ही भाषांतले मिळून मोजा.

---

जुना_खांब

तक्ता पाहिला. बॉल, गाडी, पाणी, पंखा, बाहेर, झोका, आंघोळ, टीव्ही. आठ चित्रं.

---

अबोलीचं_झाड

काका, आमचाही पहिला तक्ता अगदी असाच होता, नुसती वस्तूंची नावं. माझी जुळी मुलं, चार वर्षांची, एक बोलते, एक नाही. बोलणारीचं बोलणं एक दिवस कागदावर लिहून काढलं. तिच्या तोंडी वस्तूंची नावं कमीच होती. सारखं काय तर "नको", "अजून", "मी", "माझं", "बघ", "थांब", "चल", "झालं", "पुन्हा", "तू कर". आणि ज्याला बोलता येत नाही त्याला आम्ही दिलं होतं काय? पंखा.

तेव्हापासून हे शब्द तक्त्यावर आले. "अजून" हा एक शब्द झोक्यावर चालतो, फुग्यात, पाण्यात, गोष्टीत, मिठीत. "थांब"ने तर घराचा नूर पालटला. गुदगुल्या चालू असताना त्याने "थांब"वर हात मारला, त्याच्या बाबांनी तिथल्या तिथे हात मागे घेतले. त्याने परत बाबांकडे पाहिलं, विश्वास बसत नसल्यासारखं. मग "अजून". मग लगेच "थांब". अर्धा तास हेच चाललं होतं. त्याच्या सांगण्यावरून मोठं माणूस थांबतं हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

दुसरं म्हणजे, तक्ता त्याचा असला तरी पहिले काही महिने बोट आपलं. आपण बोलताना शब्दावर बोट ठेवत जायचं, त्याच्याकडून काही न मागता. "पाणी *झालं*." "बाबा *चल*." चालणं-बोलणं शिकणाऱ्या बाळाशी आपण वर्षभर बोलतो, तेव्हा कुठे त्याचा पहिला शब्द येतो. मग तक्त्यावर दुसऱ्या दिवशी उत्तराची घाई का? आम्हाला पाच महिने लागले.

आणि तक्ता शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नका. आमच्याकडे एका पाळणाघरात, मुलगा त्यावर "सारखा हात मारतो" म्हणून तक्ता वरच्या फळीवर ठेवत असत. घरी आल्यावर मुलगा स्वतःचा हात चावत असायचा. आम्ही नंतर ते पाळणाघर सोडलं.

---

वळणवाट२

आम्हाला एकांनी एक पद्धत सुचवली आहे. मदतनीस मुलाचा हात धरतो आणि मूल अक्षरांवर बोट ठेवत लिहितं. पाच वर्षांचा मुलगा म्हणे पूर्ण वाक्यं लिहायला लागतो. आम्ही त्यांचा व्हिडिओ पाहिला, डोळ्यांत पाणी आलं. कुणाला अनुभव?

---

स्वरवेल

वळणवाट, तुमची ओढ समजते, म्हणून स्पष्ट लिहिते. यापासून लांब रहा. या पद्धतीच्या चाचण्या झाल्या आहेत. मुलाला एक चित्र दाखवलं आणि मदतनिसाला दुसरं, दोघांना एकमेकांचं दिसणार नाही अशा रीतीने. लिहून आलं ते मदतनिसाला दिसलेलं. मदतनीस मुद्दाम फसवत नसतो, त्याला स्वतःलाही कळत नाही की हात तो हलवतोय. अमेरिकेतल्या आमच्या क्षेत्राच्या संघटनेने, आशाने, २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असं जाहीर केलं आहे. मुलाचं म्हणणं म्हणून दुसऱ्याचंच म्हणणं आपण ऐकत बसलो तर मुलाचं खरं म्हणणं, भले ते एक नजर असो, ऐकायचं राहून जातं.

हाताला आधार लागणाऱ्या मुलांसाठी नजरेने चालणारी यंत्रं आहेत, मोठ्या बटणांची आहेत. निवड मुलाची हवी, एवढाच निकष ठेवा.

---

पायवाट

एक गोष्ट लिहायची राहिली. मुलगा साडेचार वर्षांचा असताना मला एके ठिकाणी सांगण्यात आलं, "पाचव्या वर्षापर्यंत नाही बोलला तर आता विसरा." मी तिथून घरी कशी पोचले ते आठवत नाही. नंतर कळलं की २०१३ साली पीडिअ‍ॅट्रिक्स या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आलाय. चौथ्या वर्षी भाषेत खूप मागे असलेली, स्वमग्नता असलेली ५३५ मुलं. आठ वर्षांची आणि त्यापुढची झाल्यावर पाहिलं तर ७० टक्के मुलं निदान छोटी वाक्यं बोलत होती, आणि एकूण मुलांपैकी जवळपास निम्मी, म्हणजे ४७ टक्के, सफाईदार बोलत होती.

उरलेल्या ३० टक्क्यांचा विचार मी खूप केला. माझा मुलगा त्यांत असू शकतो. म्हणूनच तक्ता, खुणा, नजर हे बोलणं येईपर्यंतचं तात्पुरतं काही आहे असं मी आता मानत नाही. ही त्याची भाषा आहे. शब्द आले तर तिच्यात मिळतील.

---

जुना_खांब

सूनबाईंना धागा वाचायला दिला. तक्त्यावर "नको", "अजून", "थांब", "बघ" आले आहेत. मला पूर्ण पटलंय असं म्हणत नाही. पण काल मी "बघ"वर बोट ठेवून खिडकीतल्या पावसाकडे दाखवलं. आम्ही दोघे बराच वेळ उभे होतो. एरवी तो माझ्याजवळ इतका वेळ थांबत नाही.

---

निळीशाई

तीन आठवड्यांनी लिहितेय. बेरा झाली, दोन्ही कान ठीक आहेत. एम-चॅट भरली, पुढच्या तपासणीची तारीख मिळाली आहे. भीती वाटते, पण वाट बघत बसण्यापेक्षा ही भीती बरी.

"हे काय?" बंद केलंय. पहिले दोन दिवस तोंडावर हात ठेवावा लागला. आंघोळीनंतर रोज मी तिला हाताला येईल तो फ्रॉक घालायचे. परवा दोन्ही हातांत दोन फ्रॉक धरून तिच्यासमोर बसले आणि दहा मोजायला लागले. तिने उजवा ढकलला. डावाही ढकलला. मला वाटलं जाईल निघून. ती ओल्या केसांनी खोलीत गेली, खालच्या कप्प्यातून कालचाच मळका पिवळा ओढत घेऊन आली आणि माझ्या मांडीवर टाकला. मी म्हटलं, "नको, नको. पिवळा!" तिने माझ्याकडे पाहिलं. सरळ.

मळकाच घातला मी तो.

स्वरवेल, पहिल्या तक्त्यावर "नको" घेणार आहे. त्यासाठी चित्र कोणतं लावू? फुली लावली तर तिला कळेल का, की तिचाच हात ढकलतानाचा फोटो काढू?

---

स्वरवेल

तिच्याच हाताचा फोटो.